तिसऱ्यांदा विचारल्यावर

मदत पहिल्या खेपेला स्वीकारू नये, हा उत्तर मिनेसोटातला सर्वांत काटेकोरपणे पाळला जाणारा नियम आहे. कॉफी विचारली की म्हणायचं, "नको, राहू दे." पुन्हा विचारली की, "उगाच तुम्हाला त्रास." तिसऱ्यांदा विचारली की, "बरं, अर्धा कप." (केकचा शेवटचा तुकडाही तिथे कोणी उचलत नाही, प्रत्येक जण उरलेल्यातला निम्मा घेतो. या पद्धतीने केक सैद्धांतिकदृष्ट्या कधीच संपत नाही.)

आर्विद स्क्रामस्टाड हे या नियमाचे निष्ठावंत पाईक. वय एकसष्ट, काम बोटींची इंजिनं दुरुस्त करण्याचं. गेल्या ऑक्टोबरात त्यांना एचआयव्ही असल्याचं निघालं. औषधं लगेच सुरू झाली आणि एप्रिलपर्यंत रक्तात विषाणू शोधूनही सापडेनासा झाला. तक्रारीला जागा नव्हती. प्रश्न मात्र एक होता. त्यांची मुलगी सोल्वेग बाळंत झाली होती आणि येत्या शनिवारी नातीला घेऊन पहिल्यांदाच घरी येणार होती. नातीला उचलून घ्यावं का? पापा घेतला तर चालेल का? सोल्वेगला आजाराचं ठाऊक होतं. पण बाबांनी विषय काढला नाही म्हणून तिनेही काढला नव्हता.

डॉक्टरांना विचारायला आर्विद दीड तास गाडी हाकत गेले होते. डॉक्टरांनी "आणखी काही?" असं विचारलंही. पण एकदाच. "नाही, सगळं छान," म्हणून आर्विद दीड तास गाडी हाकत परत आले.

मग त्यांनी इंटरनेटकडे मोर्चा वळवला. ०.४१ सेकंदांत दोन कोटी साठ लाख पानं सापडली. पहिल्या पानावर विषाणूच्या आवरणाची त्रिमितीय रचना होती. दुसऱ्यावर लसणाचा रस. तिसरं पान आधी वय, जिल्हा आणि लहानपणीच्या कुत्र्याचं नाव मागत होतं (गोपनीयतेसाठी). चौथ्यावर रुग्णांचं चर्चामंडळ होतं. त्याचे ८३ सदस्य होते आणि त्यांपैकी एकालाही एचआयव्ही नव्हता. प्रत्येकाच्या एका मित्राला होता. आर्विदनी लिहिलं, "माझ्या मित्राला नात झाली आहे." एकोणीस जणांनी मित्राचं अभिनंदन केलं.

अखेर एका संस्थेचं मदतीचं संकेतस्थळ सापडलं. पडद्यावर खिडकी उघडली: "नमस्कार, मी मारिसोल. काही विचारायचंय का?"

"नाही, विशेष काही नाही," आर्विदनी नियमाप्रमाणे लिहिलं आणि पुढच्या आग्रहाची वाट पाहू लागले.

खिडकी मिटली. सेवा कशी वाटली, अशी पृच्छा झाली. आर्विदनी पाचपैकी पाच तारे दिले. बिचारीला कशाला दुखवायचं!

त्या जिल्ह्यातून वर्षभरात २१४ जणांनी संस्थेशी संपर्क साधला होता. पैकी २०९ जणांना विशेष काही विचारायचं नव्हतं. (उरलेले पाच शिकागोहून राहायला आलेले होते.) समाधान शंभर टक्के. त्यावरून संस्थेने शास्त्रशुद्ध निष्कर्ष काढला की या जिल्ह्यात आता कोणालाच काही अडचण नाही, आणि सेवा फक्त गुरुवारी दुपारी दोन ते चार अशी ठेवली.

गुरुवारी दोन वाजता आर्विदनी लिहिलं, "उगाच तुम्हाला त्रास." खिडकी मिटली. पावणेचारला त्यांनी पुन्हा उघडली.

"अहो काका, पुन्हा तुम्हीच?" मारिसोल मूळची मेक्सिकोच्या सीमेवरच्या एल पासोची, तिच्या घरी नको म्हणणाऱ्याच्या ताटात दुप्पट वाढतात. "आता मी खिडकी मिटू देत नाही. बोला."

"नाही, म्हणजे तुम्ही कामात असाल..."

"हेच माझं काम आहे. बोला म्हणते ना!"

"एका मित्राला नात झाली आहे."

"अभिनंदन. मित्राला काय विचारायचंय?"

आर्विद टाइप करत असल्याची तीन टिंबं मारिसोलच्या पडद्यावर नाचली. मग शब्द उमटले: "उचलू का तिला?"

"उचला. पापा घ्या. कुशीत झोपवा. यातून एचआयव्ही होत नाही. काका, हे तुम्हाला आजवर कोणीच सांगितलं नाही?"

"सांगणार होते बहुतेक," आर्विदनी लिहिलं. "मीच नको म्हणालो."

उत्तराला बारा सेकंद लागले. प्रश्नाला सात महिने. (जिल्ह्यातल्या एका माणसाला खरोखर प्रश्न पडल्याचं उघड झाल्याने संस्थेने त्रिसदस्यीय चौकशी समिती नेमली.)

शनिवारी सोल्वेगने दारातूनच विचारलं, "बाबा, घेता हिला?"

"आण इकडे," आर्विद पहिल्याच खेपेला म्हणाले.

सोल्वेग दचकली. "बाबा, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

आर्विदनी नातीला घेतलं, नाकाशी नाक लावलं आणि कपाळावर ओठ टेकले.

सुशिक्षित वाचकांना मारिसोलचं उत्तर अर्थातच पहिल्या ओळीपासून ठाऊक होतं. मग ओठ टेकले त्या क्षणी तुम्ही श्वास नेमका कशासाठी रोखलात?