देवपुजारी गुरुजींचा मंगळ

आमच्याकडे सत्यनारायण असला की देवपुजारी गुरुजी तिसरा अध्याय संपवतात, शंख वाजू देतात आणि चौथा सुरू करण्याआधी कनवटीचा मोबाईल काढून त्यात डोकावतात. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला वाटलं, घरी कोणी आजारी असेल. मी हळूच विचारलं, सगळं बरं आहे ना?

"गाडी वाळूत आहे वहिनी," ते म्हणाले. "सरकून राहिली."

आमचे हे उठून फाटकापर्यंत जाऊन आले. गुरुजींची मोपेड कडुनिंबाखाली नीट उभी होती.

"ती नाही हो. मंगळावरची."

एवढं बोलून त्यांनी चौथा अध्याय सुरू केला.

भिलाईतल्या मराठी घरांत बारसं असो की मुंज, गुरुजींशिवाय चालत नाही. त्यांची सगळी नोकरी स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात कारकुनीत गेली. पूजा तेव्हाही सांगायचे, सुट्टीच्या दिवशी. रिटायर झाल्यावर सेक्टरमधलं क्वार्टर सोडलं आणि जुनवानीला दोन खोल्या घेतल्या. एकटेच राहतात. अंगानं वाळकुडे, आवाज मात्र पहाडी. मोपेड इतकी सावकाश चालवतात, की सेक्टर दोनच्या चौकात सायकलवाले मागून घंटी वाजवतात.

मंगळावर अमेरिकेच्या दोन गाड्या फिरतात, हे मला गुरुजींमुळेच कळलं. आत माणूस नाही, ड्रायव्हर नाही. पृथ्वीवरून निरोप जातो आणि त्याप्रमाणे गाडी दगड चुकवत जरा पुढे सरकते. तिनं काढलेले फोटो कोणालाही पाहता येतात. गुरुजी ते रोज पाहतात. एकीला ते थोरली म्हणतात, दुसरीला धाकटी. थोरली डोंगर चढते, धाकटी दगडांचे तुकडे नळ्यांत भरते. परदेशी दिलेल्या लेकींबद्दल बोलावं तसं ते दोघींबद्दल बोलतात. धाकटी हुशार आहे पण थोरलीनं सोसलं फार, असं त्यांचं मत.

थोरलीच्या चाकांना भोकं पडल्याचे फोटो आले तेव्हा गुरुजी दोन दिवस नीट जेवले नाहीत. शेवटी मार्केटातल्या पंक्चरवाल्याकडे जाऊन त्यांनी त्याला ते चाक दाखवलं. त्यानं मोबाईल उलटसुलट करून पाहिला आणि सांगितलं, "एला तो बदले बर परही, महाराज," म्हणजे हे बदलावंच लागेल. चाक इथून किती लांब आहे हे गुरुजींनी समजावून सांगितल्यावर तो म्हणाला, मग हळू चालवायला सांगा. हा सल्ला गुरुजींना इतका पटला, की तेव्हापासून त्यांची स्वतःची मोपेडही आणखी हळू झाली.

मधूनच कधीतरी पृथ्वी आणि मंगळ यांच्या मध्ये सूर्य येतो. मग काही दिवस गाड्यांना निरोप जात नाहीत. त्या दिवसांत गुरुजींचं कशात म्हणून लक्ष नसतं. अशाच एका पंधरवड्यात त्यांनी एका मुंजीत बटूच्या ऐवजी बटूच्या बापाला भिक्षा मागायला बसवलं. बापानं मागितलीही.

पण खरी गंमत मंगळाच्या शांतीची. ज्याच्या पत्रिकेत मंगळ, त्याच्या जोडीदाराच्या जिवाला धोका, या भीतीनं लोक लग्नाआधी शांती करून घेतात. गुरुजी लाल वस्त्र, मसूर, गूळ सगळं साग्रसंगीत मांडतात आणि सुपारीशेजारी मोबाईल उभा करतात. त्यात थोरलीनं पाठवलेला ताजा फोटो. "ज्याची शांती करून राहिले, त्याचं तोंड तर पाहून घ्या," असं यजमानांना सांगतात. एका यजमानीणबाईंनी त्या मोबाईललाही हळदकुंकू वाहिलं. गुरुजी काच पुसत म्हणाले, तिथं आधीच धूळ काय कमी आहे?

आमच्या केतकीच्या पत्रिकेत मंगळ निघाला, तेव्हा मला पहिली काळजी या मोबाईलचीच वाटली.

केतकी आणि अनुराग रायपूरला एकाच ऑफिसात. दोघांचं ठरलेलं होतं, आमची हरकत नव्हती. अडलं होतं ते अनुरागच्या आईपाशी. सुलभाताई राजनांदगावच्या. मुलगा लहान असतानाच नवरा गेला, त्यांनी शिवणाच्या क्लासवर त्याला वाढवलं. बाई वाईट नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. आमच्याकडे येऊन बोलू म्हणाल्या, म्हणून मी गुरुजींनाही बोलावलं. शांतीचं त्यांनी सांगितलं तर बाईंना धीर येईल, असा माझा हिशोब. केतकी म्हणाली, "आई, गुरुजी को मत बुलाओ, वो मोबाइल निकालेंगे." मी गुरुजींना फोन करून तसं बजावलं. त्यांनी कबूल केलं.

पोहे खाऊन होईपर्यंत त्यांनी शब्द पाळला. नंतर सुलभाताईंनी मंगळाचं नाव काढलं आणि गुरुजींचा हात कनवटीला गेला. केतकीनं डोळे मिटून घेतले.

सुलभाताईंनी मात्र चष्मा लावला. फोटो पाहिला, मग दुसरा, मग तिसरा. ही एकटीच फिरते का, तिच्यावरची धूळ कोण पुसतं, थंडी किती असते, असं विचारत गेल्या. धूळ कधी वाऱ्यानं उडते, नाहीतर तशीच राहते, असं गुरुजींनी सांगितलं. "बिचारी," सुलभाताई म्हणाल्या आणि थोड्या हसल्याही. मला वाटलं, जमलं.

पण चष्मा काढून त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुमचं सगळं खरं असेल. पण मले एकच पोरगा आहे."

गुरुजींनी मोबाईल पालथा ठेवला. इतक्या वर्षांत मी त्यांना मोबाईल पालथा ठेवताना पाहिलं नव्हतं.

"मले मंगळ आहे, सुलभाताई," ते म्हणाले. "माझ्या बायकोले नव्हता. सासऱ्यानं मनावर घेतलं नाही, लग्न लावून दिलं. दुसऱ्याच वर्षी ती तापानं गेली. तेराव्याले सासूबाई म्हणाल्या, तुमच्या मंगळानं माझी पोरगी खाल्ली."

त्यांनाही ते खरंच वाटलं, असं ते सांगत होते. पुन्हा लग्न केलं नाही ते म्हणूनच. अख्ख्या भिलाईच्या शांती केल्या, दुसऱ्या कोणावर ही वेळ येऊ नये म्हणून. मग एक दिवस कोणीतरी हे फोटो दाखवले.

"तेव्हापासून रोज पाहून राहिलो. म्हटलं, कुठंतरी दिसेल, तिले कोणी नेलं ते. एखादी सावली, एखादा दगड. काही नाही हो. साधी जागा आहे, आपल्या माळासारखी. तिले ताप होता. डॉक्टर उशिरा भेटला. एवढंच झालं होतं."

"अनुरागच्या बाबांचे आणि माझे छत्तीसपैकी तेहतीस गुण जुळले होते," एवढंच सुलभाताई म्हणाल्या. मग त्यांनी केतकीला जवळ बोलावून बसवलं आणि गुरुजींना सांगितलं, शांती राहू द्या, मुहूर्त कधीचा आहे ते पाहा.

लग्न जुनवानीच्या हॉलमध्ये झालं. वऱ्हाड नाचलं, आमचे हेसुद्धा नाचले. मंगलाष्टकांत गुरुजींचा आवाज असा लागला होता, की बॅण्डवाले बाहेर गप्प उभे राहिले. मोबाईल त्यांनी एकदाही काढला नाही. अक्षता वाटता वाटता सुलभाताईंनीच विचारलं, थोरली कुठवर आली?

जेवणं झाल्यावर मी बुंदीच्या लाडवांचा डबा घेऊन गुरुजींना पोचवायला बाहेर गेले. त्या दिवसापासून मनात होतं ते विचारलं, की त्यांच्या पत्नीचं नाव काय होतं?

त्यांनी डबा पिशवीत घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला.

"कुमुद," ते म्हणाले. "तिले फिरायची भारी हौस. मी म्हणायचो, सुट्टी मिळू दे. एकदा बसनं इथं जवळच अहिवाऱ्यापर्यंत तेवढं नेलं होतं. तिथल्या चुनखडीच्या खाणी पाहून इतकी खूश झाली, म्हणे, आपण किती दूर आलो हो."

गुरुजींनी धोतर सावरलं आणि मोपेड सुरू केली.

"आता रोज चहाच्या वेळी तिले सांगतो, आज आपण एवढं चाललो, उद्या तो उंचवटा चढायचा आहे म्हणून." त्यांनी घड्याळ पाहिलं. "निघतो वहिनी. आजचे फोटो आले असतील, ती वाट पाहून राहिली असेल."