रक्षिता, वेग ताशी अठ्ठेचाळीस

मुलांवर लक्ष कसं ठेवावं, हे मला कुणी शिकवू नये. इतर आया मुलांच्या गळ्यात ताईत बांधतात, मी रेडिओ बांधला. तोही रीतसर परीक्षा देऊन, हौशी रेडिओचं सरकारी लायसन्स मिळवून. बेळगावात घेतलेल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवीचा लग्नानंतर झालेला हा पहिलाच उपयोग.

त्याचं असं झालं, आमची रक्षिता, वय पाच, आजीबरोबर बैलगाडीतून उळवीच्या जत्रेला निघाली. आजी म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. गाडी हाकायला माझा दीर सुदेश. मला जाता येत नव्हतं, कारण धाकटा नुकताच पालथा पडायला लागला होता आणि पडला की परत उताणं होता येत नाही म्हणून गाव गोळा करत होता. रामनगर ते उळवी म्हणजे सगळा जंगलाचा रस्ता. मोबाईलला रेंज कधी असते, कधी नसते. जत्रेच्या गर्दीत जी असते, ती फक्त एका बाईच्या गोड कानडी आवाजात 'थोड्या वेळानं प्रयत्न करा' एवढं सांगण्यापुरती.

पण मी निश्चिंत होते. माझ्याकडे योजना होती.

पत्त्यांच्या जोडाएवढा एक कॉम्प्युटर मिळतो. त्याला जीपीएस जोडायचा, एक छोटा रेडिओ जोडायचा, बॅटरी लावायची आणि सगळं प्लास्टिकच्या डब्यात बसवायचं. मग तो डबा थोड्या थोड्या वेळानं 'मी इथं आहे, इतक्या वेगानं चाललोय' असं रेडिओवरून ओरडत राहतो. जोयड्याच्या बाजूला एका डोंगरावर आमच्या रेडिओवाल्या मंडळींनी यंत्र बसवलंय, ते ही आरोळी झेलून पुढं ढकलतं, आणि माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर नकाशात लाल ठिपका उमटतो. असा डबा चालवायला सोबत लायसन्सवाला माणूस लागतो. सुदेश लायसन्सवाला होता. मीच त्याच्या मागं लागून त्याला परीक्षेला बसवलं होतं. पास झाल्या दिवसापासून त्यानं रेडिओला हात लावला नव्हता, पण कागदोपत्री सगळं चोख होतं.

ठिपक्याला काहीतरी नाव द्यावं लागतं. मी लाडानं टाकलं, 'रक्षिता'.

निघायच्या सकाळी गाडी अंगणात उभी राहिली. डबा गाडीत ठेवला, आत येऊन नकाशा उघडला. रक्षिता आफ्रिकेच्या पश्चिमेला भर समुद्रात होती.

"अहो, इकडं या जरा," मी आमच्या ह्यांना, म्हणजे प्रशांतना हाक मारली. त्यांचं किराणा दुकान आहे. वजन आणि माप सोडून जगातल्या कुठल्याच आकड्यावर त्यांचा विश्वास नाही.

"कुठं हाय म्हणतीस?"

"अटलांटिक महासागरात."

त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. "मग गाडीत बसून चुरमुरे खायलालीय ती कुणाची पोरगी?"

जीपीएसला आकाशातले उपग्रह दिसले नाहीत, की तो शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश सांगतो, आणि ती जागा नेमकी समुद्रात येते. हे मला माहीत होतं. का दिसत नाहीत, हे माहीत नव्हतं. धाकट्याला खांद्यावर टाकून मी कामाला लागले. सॉफ्टवेअर बंद केलं, चालू केलं. सेटिंगची फाईल उघडली, पोर्ट बदलला. सगळं पुसून पुन्हा घातलं. इंटरनेटवर कुणा गोऱ्या गृहस्थाला हाच त्रास झाला होता. त्यानं शेवटी लिहिलं होतं, 'सुटला प्रश्न, धन्यवाद.' कसा सुटला ते लिहिलं नव्हतं. अशा माणसांना बैलगाडीच्या मागं बांधून उळवीपर्यंत चालवत न्यायला हवं.

"वैनी, बैलं चिडायलालीत," बाहेरून सुदेश म्हणाला.

"नुसती बैलंच न्हाईत," आत्या म्हणाल्या.

शेवटी लॅपटॉप काखेत मारून मी गाडीपाशी गेले. डबा दिसेना. त्यावर आत्यांनी तांब्याची कळशी पालथी घातली होती.

"आत्या, हे काय?"

"धूळ बसंल न्हवं त्याच्यावर. म्हागाचं हाय म्हणालीस की."

कळशी उचलली, आणि रक्षिता महासागरातून एका उडीत आमच्या अंगणात आली. गाडी वळेपर्यंत आत्या कळशीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत होत्या.

त्यानंतर मी संसार केला तो नकाशासमोर. ठिपका साखरेच्या पोत्यावरच्या मुंगीसारखा सरकत होता. जगलबेटच्या पुढं तो थांबला की माझी भाजी करपायची. तो हलला की दूध उतू जायचं.

"जेवायला थांबली असतील," हे म्हणायचे.

"इतका वेळ?"

"आई हाय संगट. जेवणावर पान खाणार, पानावर झोपणार."

कसाबसा एकदाचा ठिपका उळवीला पोचला आणि देवळाशेजारच्या मैदानात स्थिर झाला. त्या रात्री मी गाढ झोपले. जगात माझ्यासारखी हुशार आई नाही, असं वाटण्यात जे सुख असतं ते मला एका रात्रीपुरतं मिळालं.

सकाळी धाकट्याला तेल लावताना सहज स्क्रीनकडे बघितलं.

रक्षिता, वेग ताशी अठ्ठेचाळीस.

मी तेलाची वाटी खाली ठेवली. "अहो, बैलगाडी ताशी किती वेगानं जाते?"

"बैलावर हाय. आमच्या सुदेशच्या बैलाला मागनं बिबट्या लागला तर धा."

"अठ्ठेचाळीस?"

"अठ्ठेचाळीसला बैल जुंपत न्हाईत. नंबरप्लेट लावतात."

मी घाबरले नाही, हे नोंदवून ठेवते. शिकलेली बाई आधी यंत्रावर संशय घेते. कदाचित वेगाचं माप चुकलं असेल, हे सॉफ्टवेअर जहाजांचा वेग मोजतात त्या मापात हिशेब करतं. मी भागाकार केला. तरी बैल उधळलेलेच येत होते. मग वाटलं, डब्यातल्या कॉम्प्युटरला स्वतःचं घड्याळ नसतं, वेळ गोंधळली की वेगही गोंधळतो. ते तपासलं, वेळ बरोबर. मग वाटलं, डोंगरावरचं यंत्र जुन्याच आरोळ्या परत परत ऐकवतंय. पण ठिपका तर कुंभारवाडा सोडून नवनव्या जागी दिसत होता. आणि तोंड जोयड्याकडे. म्हणजे घराकडे. जत्रा संपायला अजून अवकाश होता.

घरच्या सॉफ्टवेअरची फाईल उघडून मी एक ओळ बदलली आणि चालू केलं. नकाशा कोरा झाला. फाईलमध्ये एक जागा मोकळी सोडायची तिथं मी दोन सोडल्या होत्या. एवढ्याशा गोष्टीवर ते रुसलं. एवढं तर माझी नणंद पण रुसत नाही. ती जास्तीची जागा सापडेपर्यंत धाकटा तेलकट अंगानं टेबलाखाली सरपटत गेला होता, मी तिथून त्याला ओढून काढलं, आणि नकाशा परत दिसू लागला तेव्हा रक्षिता जोयड्यात होती.

दवाखान्यापाशी. वेग शून्य.

पोरीला काहीतरी झालं होतं. बैलगाडी सोडून कुणाच्या तरी मोटारीतून तिला आणलं होतं. सुदेशचा फोन लावला, ती कानडी बाई आली. परत लावला, तीच बाई आली. आणि बघता बघता ठिपका हलला आणि गणेशगुडीच्या रस्त्याला लागला.

"म्हणजे इथं जमलं न्हाई," मी म्हटलं. "पुढं न्यायला सांगितलंय. बेळगावला न्यायलालेत."

प्रशांतनी पहिल्यांदाच स्क्रीनकडे नीट बघितलं. नाव वाचलं. मग गेले आणि दुकानाचं शटर ओढून आले. शटरचा आवाज ऐकून शेजारच्या पारूअक्का धावत आल्या, कारण आमचं दुकान भर सकाळी कुणी वारल्याशिवाय बंद होत नाही.

"कोण गेलं?"

"कुणी न्हाई हो. रक्षिताला बेळगावला न्यायलालेत."

पारूअक्कांना एवढं पुरतं. मी पिशवीत तिचे कपडे भरेपर्यंत गल्लीच्या तोंडाशी पोरीला सापानं चावलं होतं. बातमी बाजारात पोचेपर्यंत ती बैलगाडीखाली आली होती. मी खानापूरला अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना फोन लावला. "अप्पा, रक्षिताला बेळगावच्या दवाखान्यात..." एवढं बोलले आणि रेंज गेली. पुढचं त्यांनी मनानं पूर्ण केलं.

ठिपका जगलबेट ओलांडून आला, तेव्हा अर्धं रामनगर रस्त्यावर उभं होतं. ज्या गाडीत पोरगी आहे ती थांबवायची आणि आम्ही दोघांनी तीत बसायचं, असं ठरलं. गाडी कुठली ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून येईल ती थांबवायची. कुणीतरी आमच्या दुकानापुढचं बाकडं आणून रस्त्यात आडवं टाकलं. एक दुधाचा टेम्पो, एक लग्नाची गाडी आणि एक पाहुणा म्हणून आलेला बिचारा डॉक्टर झडती देऊन गेले. मी एका काखेत धाकटा, दुसऱ्या हातात लॅपटॉप घेऊन उभी होते.

"आला," मी म्हटलं. "वळणावर आला. आत्ता दिसंल."

वळणावरून उळवीहून येणारी सरकारी बस आली.

ठिपका आणि बस एकाच जागी होते. मी लॅपटॉप ह्यांच्या हातात कोंबला आणि बसमध्ये चढले. जत्रेहून परतणारी माणसं, कपाळाला भस्म, मांडीवर प्रसादाच्या पिशव्या. मागच्या सीटवर एका बाईच्या मांडीवर चादर पांघरलेलं मूल निपचित पडलं होतं. मी चादर ओढली. तो मुलगा होता, ओठावर जिलेबीच्या पाकाची मिशी. त्यानं मला बघून असा गळा काढला, की आख्खी बस माझ्याकडे वळून बघायला लागली. त्याची आई जे बोलली ते कानडीत होतं. मला कानडी उत्तम येतं, म्हणून इथं लिहीत नाही.

"अक्का, कुणाला हुडकायलालीसा?" ड्रायव्हर वासू समोरून ओरडला.

"रक्षिताला. आमच्या पोरीला."

"ती उळवीत हाय की."

"मग ह्या गाडीत कोण हाय?"

"ह्या गाडीत पाशिंजर हाईत."

मग त्याला आठवलं. सीटच्या मागं वाकून त्यानं टॉवेलात गुंडाळलेलं एक बोचकं काढलं. आमच्या जंगलातल्या गावांचं सगळं दळणवळण ड्रायव्हरच्या सीटमागून चालतं. औषधं, लग्नपत्रिका, विसरलेला चष्मा, पाय बांधलेली कोंबडी, काहीही. बोचक्यात माझा डबा होता. दिवा लुकलुकत होता.

"तुमच्या आत्यानं दिलंय," वासू म्हणाला. "दिवा लागतोय, विझतोय, लागतोय, विझतोय. म्हणजे बॅटरी निम्मी संपलीया. रातभर चार्ज करून उद्याच्या गाडीनं परत धाडा म्हणून सांगितलंय."

तो दिवा लुकलुकतो, तो डबा ओरडत असल्याची खूण म्हणून. सगळं उत्तम चालल्याची खूण.

"आणि सुदेश काय करत होता?"

"बैलं धुवायला गेलता."

"जोयड्यात दवाखान्यापाशी का थांबलास?"

"च्या प्यायला. तिथं चांगला मिळतो."

मी समोरच्या लोखंडी पेटीवर बसले. "आणि पोरगी? बघितलीस तू तिला?"

"बघितली म्हणजे? आकाशपाळण्यात बसलीया, उतरायला तयार न्हाई. मी निघताना वरनं ओरडून सांगितलं तिनं, आईला सांग, मी स्वेटर घातलाय आणि खोकला आला न्हाई." वासूनं गिअर टाकला. "आता ते बाकडं काढायला सांगा, पुढं बेळगाव गाठायचंय मला."

स्वेटर घातलाय. खोकला आला नाही. ह्या दोन गोष्टी सोडून मला जगातलं काहीच नको होतं, आणि डबा त्यातली एकही सांगू शकला नसता. मी खाली उतरले. गर्दीत पारूअक्का वाट बघत उभ्या होत्या.

"काय झालंय पोरीला?"

"काही न्हाई, पारूअक्का. मजेत हाय."

"काहीच न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी तोवर बारा घरांना सांगून ठेवलं होतं.

घरी येऊन डबा स्वयंपाकघराच्या ओट्यावर चार्जिंगला लावला. नीट बोलायचं तर त्याला चार्जिंगची काही गरज नव्हती, पण आत्यांचा निरोप होता. एवढ्यात बाहेर दोन जीपगाड्या थांबल्या. खानापूरहून अप्पा, दोन काका, एक काकू, रक्त द्यायला तयार असलेले तीन चुलतभाऊ आणि गरम पाण्याचा थर्मास.

"पोर कुठं हाय?" अप्पांनी उंबऱ्यातूनच विचारलं.

"ठीक हाय अप्पा, जत्रेत हाय. मशीन तेवढी घरी आली. तुम्हाला दाखवते, बसा." मी घाईघाईनं लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. ठिपक्यासारखी खात्री दुसरी कुठली द्यायची, असं मला अजूनही वाटत होतं.

अप्पांनी चष्मा लावला. वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हे रामनगरच न्हवं?"

"व्हय, पण..."

"आणि हे तुमचंच घर."

"व्हय अप्पा, कारण तो डबा..."

"डब्याचं राहू दे. नाव लिवलंय की मोठ्या अक्षरात." त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि मागं टेकून बसले. सगळ्या खानापूरनं सुटकेचा श्वास सोडला. "पोर आत हाय आणि तू आम्हाला काय सांगतीस, जत्रेत हाय म्हणून? जीव घेतलास बघ." मग स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यांनी मऊ आवाजात हाक मारली, "रक्षिता, ये बाळ बाहेर. आजोबा आलेत."

सगळे दाराकडे बघत बसले. प्रशांत माझ्याकडे बघत होते.

दारातून आत जायला मीच उठले. एवढ्या माणसांचा चहा टाकायचा होता.