वज्रकेतूचा हत्ती

रविवार, १७ ऑगस्ट २०२५. सकाळचे दहा वाजून पाच मिनिटे झाली होती आणि मुरुम येथे रेवणप्पांच्या बैठकीत हर्षालीसह नऊ मुले सतरंजीवर बसली होती. खुर्चीत शिवप्रियाचे वडील बालाजी होते. ते मुलीला सोडायला आले आणि "जरा बघतोच," म्हणून थांबले.

हा मेळावा करमणुकीसाठी नव्हता. पाचवीच्या वर्गात गोष्टीच्या तासाला हर्षालीने 'वज्रकेतू' या जुन्या कार्टून मालिकेची कथा सांगितली होती. अज्जांकडून, म्हणजे आजोबा रेवणप्पांकडून, ती तीन उन्हाळे ऐकत आली होती: वज्रकेतूचा पांढरा हत्ती, त्याला सल्ला देणारी बारीक आवाजाची राणी आणि कडुनिंबाएवढा उंच दैत्य घोरनाद. त्याच वर्गातल्या शिवप्रियाने ती घरी वडिलांना सांगितली. बालाजींनी ही मालिका लहानपणी याच बैठकीत बसून पाहिलेली. ते म्हणाले, त्यात हत्ती नव्हताच. दुसऱ्या दिवशी वर्गात हर्षालीचे नाव 'थापाडी' पडले. चार दिवस ती डबा एकटीच खात होती.

रेवणप्पा आयटीआयमधून निदेशक म्हणून निवृत्त झाले होते. "मोजलं तेवढंच लिहा," हे त्यांनी एकतीस वर्षे विद्यार्थ्यांना सांगितले. मालिकेचे सर्व बावन्न भाग त्याच हिंदी आवाजांत इंटरनेटवर सापडताच त्यांनी नातीच्या वर्गातल्या मुलांना रीतसर निरोप धाडला. वाद तोंडी नव्हे, पुराव्याने मिटवायचा होता.

पहिला भाग सुरू झाला. शीर्षकगीत रेवणप्पांनी एकही शब्द न चुकता म्हटले आणि हर्षाली जरा ताठ बसली. मग दुरून घुमणारा चीत्कार ऐकू आला.

"हा बघा हत्ती," रेवणप्पा म्हणाले.

पडद्यावर एक नळकांड्यासारखे यान भोंगा वाजवत आले आणि निघून गेले.

"अज्जा, हे तर यान हाय," हर्षाली हळूच म्हणाली.

"हत्ती मागून येत असेल. पहिल्याच भागात सगळं दाखवत नाहीत."

शिवप्रियाने वहीत एक फुली मारली.

थोड्या वेळाने राणीचा बारीक आवाज आला. बोलत होती ती दोन दिवे लुकलुकणारी पत्र्याची पेटी.

"राणी पेटीच्या आत बसली असेल," रेवणप्पा म्हणाले.

"पेटीच बोलायलीय, अज्जा."

दुसरी फुली पडली. तेवढ्यात घोरनादाची गर्जना झाली. भिंतीवरचे घड्याळ हलावे असा तो आवाज होता. खडकाआडून गुडघाभर उंचीचा, अंगरखा घातलेला एक बेडूक बाहेर आला.

"कडुनिंब लईच खुजा निघाला की," मागून एक पोरगा म्हणाला. सगळे हसले. हर्षाली हसली नाही.

"तेव्हा टीव्ही काळा-पांढरा होता," रेवणप्पांनी खुलासा केला. "बारकावे कळत नसत."

"काका, काळ्या-पांढऱ्यात बेडकाचा राक्षस होतोय व्हय?" बालाजींनी विचारले.

रेवणप्पांनी भाग थांबवला, मागे नेला आणि पुन्हा लावला. मग त्यांनी एक प्रयोग केला. डोळे मिटले, हत्ती आला. डोळे उघडले, यान आले. तीन वेळा करूनही निष्कर्ष बदलला नाही.

त्याच वेळी तारामतीबाई चुरमुऱ्यांचा सुशीला भरलेल्या ताटल्या घेऊन आल्या. नवऱ्याला डोळ्यांची उघडझाप करताना पाहून त्या थबकल्या.

"अवं, तुम्ही कवा बघितलंय ते? तुम्ही तर माळवदावर होता."

रेवणप्पांनी रिमोट गुडघ्यावर ठेवला.

ते १९८८ साल होते. गल्लीत टीव्ही एकच, रेवणप्पांच्या घरी. सोलापूरच्या दिशेला तोंड केलेला अँटेना वाऱ्याने फिरत असे. घरात तंत्रनिकेतनची पदविका एकट्या रेवणप्पांकडे असल्याने दर रविवारी माळवदावर, म्हणजे छतावर, चढून अँटेनाचा पाइप धरण्याचे काम सर्वानुमते त्यांच्याकडे आले. आत पोरे ओरडत, नवी नवरी असलेल्या तारामतीबाई दारात उभ्या राहून "आलं", "गेलं" असे वर कळवीत, आणि रेवणप्पा पाइप फिरवीत. झरोक्यातून वर येत तो फक्त आवाज. चित्रे त्यांनी स्वतः जुळवली. सदतीस वर्षांत ती इतकी पक्की झाली की आपण ती पाहिलीच नव्हती, एवढेच ते विसरले.

"आमी नुसतं 'डावीकडं घ्या' म्हणून वरडायचो," बालाजी खाली बघत म्हणाले. "तुम्हाला खाली या म्हणायचं कुणाच्या ध्यानातच न्हाय आलं."

"खाली आलो असतो तर चित्र गेलं असतं," रेवणप्पा म्हणाले.

मग ते उभे राहिले, वर्गात उभे राहत तसे.

"मुलांनो, हर्षाली खोटं बोललेली नाही. मी सांगितलं तेच तिनं सांगितलं. न बघता सांगितलं ते मी. थापाडा म्हणायचं असेल तर मला म्हणा."

शिवप्रियाने वही मिटली आणि सरकत सरकत आपली ताटली हर्षालीच्या ताटलीला नेऊन भिडवली.

"हत्तीचे पाय चिखलात रुतले, तितंच तास संपला बघ," ती म्हणाली. "पुढं काय झालं गं?"

हर्षालीने अज्जांकडे पाहिले. "ते अज्जाच चांगलं सांगतेत."

"आता पडद्यावरच बघू की पुढचं," रेवणप्पा घाईने म्हणाले.

"पडद्यावर हत्ती कुठंय, अज्जा?"

मुद्दा बिनतोड होता. रेवणप्पांनी मतदान जाहीर केले. हत्तीसाठी नऊ मुलांचे हात एकदम वर गेले. बालाजींनी ओशाळत आपला हात त्यांत मिसळला. तारामतीबाईंनी चमच्यासकट हात वर केला.

"आता ज्यांना मालिका पुढं बघायची आहे, त्यांनी," रेवणप्पा म्हणाले आणि सर्वांच्या आधी स्वतःचा हात वर केला. तो हात त्यांनी बराच वेळ तसाच ठेवला आणि सावकाश एकेका चेहऱ्याकडे पाहिले.

अखेर त्यांनी टीव्ही बंद केला आणि निकाल सांगितला: हत्ती अकरा, पडदा एक.