मर्व्हच्या संडासावरचे ठिपके

मर्व्ह टॉन्किनला शुक्रवारी जरा लवकर घरी जायचं होतं, टीव्हीवर क्रिकेट होतं, एवढंच काय ते कारण. तो वॉरिगुल्ला काउन्सिलच्या, म्हणजे तिकडच्या नगरपालिकेच्या, नकाशाच्या टेबलाशी बसायचा. हल्ली नकाशा कागदावर नसतो. कॉम्प्युटरात एकावर एक काचा ठेवाव्यात तसा असतो. एका काचेवर रस्ते, एकीवर पाण्याचे पाइप, एकीवर लोकांच्या तक्रारी. नको ती काच बाजूला सारायची, हवी ती ठेवायची. प्रत्येक तक्रारीचा एक ठिपका, आणि ठिपक्याच्या पोटात तिची सगळी हकीकत.

पण ठिपक्याला जागा लागते. पत्ता न सांगता ओरडणारी माणसं कुठे नसतात? कॉम्प्युटर हटून बसला, आधी जागा सांग म्हणून. मर्व्हने घड्याळाकडे बघितलं आणि सांगून टाकलं, पत्ता नसेल तर ठेव काउन्सिलच्या हद्दीच्या बरोबर मधोमध. मधोमध कुठे येतं ते काही त्याने पाहिलं नाही. (मेंढ्यांचं एखादं कुरण असेल, असं त्याला वाटलं. मेंढ्या तक्रार करत नाहीत.)

तिकडे उन्हाळा जानेवारीत येतो; तो तापला आणि साप निघाले. साप दिसला की माणूस काउन्सिलला फोन लावतो, "साप! केवढा मोठा!" म्हणून किंचाळतो आणि पळतो. पत्ता सांगायला थांबतो कोण? त्यात काउन्सिलने सापांची काच लोकांना मोबाइलवर बघायला खुली केली.

रविवारी सकाळी मर्व्हची बायको नोरीन टोस्ट खाता खाता मोबाइल बघत होती.

"मर्व्ह," ती म्हणाली, आणि हातातला टोस्ट खाली ठेवला. "आपल्या संडासावर साप आहेत."

"किती?"

"मोजता येत नाहीत रे. गोवर उठावा तसे उठलेत."

त्यांचा संडास मागच्या अंगणात, लिंबाच्या झाडाखाली. मर्व्ह नुकताच तिथून आला होता. तिकडचा तपकिरी साप चावला तर दवाखाना फार लांब पडतो, आणि माणूस तितका वेळ टिकत नाही. नोरीन टेबलावर चढली. मर्व्हही चढला. (नवऱ्याने आधी चढू नये, एवढं त्याने सांभाळलं.)

"पुरुष ना तू? जा, बघ!"

गमबूट घालून, हातात फावडं घेऊन मर्व्ह निघाला. लिंबाखाली गवतात काहीतरी लांब, वेटोळं घातलेलं दिसलं. मर्व्हने डोळे मिटून फावडं हाणलं, पुन्हा हाणलं, हाणतच राहिला. डोळे उघडले तेव्हा बागेला पाणी घालायच्या पाइपाचे तुकडे पडले होते.

त्याने स्वतःच्या मोबाइलवर एक ठिपका उघडला. पोटात लिहिलेलं, पत्ता दिला नाही. दुसरा उघडला. पत्ता दिला नाही. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की हद्दीचं मधोमध म्हणजे हे लिंबाचं झाड.

आत नोरीनने बॅग भरली होती. "मी चालले बहिणीकडे. ते साप जाईपर्यंत या घरात पाऊल ठेवणार नाही. वेळ पडली तर घर विकू."

खरं सांगण्याऐवजी मर्व्हने तिची बॅग उचलून गाडीत ठेवली. सापाची भीती त्याला होतीच, पण नोरीनची जास्त जुनी होती.

सोमवारी तो ऑफिसात गेला. ठिपके हलवायचे तर साहेबीणबाईंना कारण सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा त्याने त्या जागेवर सूचना लिहिली, इथले साप खोटे, दाखवू नयेत, साप पकडणाऱ्याला पाठवू नये. फोनवर बसणाऱ्या ट्रिशला मुद्दाम बजावलं, "कोणी कितीही रडलं तरी पाठवायचं नाही. मी सांगितलं तरी नाही."

ठिपके गेले. नोरीन परतली.

"सगळे गेले? हाकलले कोणी?"

मर्व्हने लाजून मान खाली घातली. (खोटं तो बोलला नाही. खरंही बोलला नाही.) नोरीनने कौतुकाने केक केला, आणि नवऱ्याचा पराक्रम कुंपणापलीकडे पोचवला.

शनिवारी शेजारणी चहाला आल्या होत्या. मर्व्ह पेपर घेऊन संडासात बसला होता. दाराखालच्या फटीतून काहीतरी आत येत होतं. पाइप असेल, असं त्याला वाटलं. मग आठवलं, पाइपाचे तर त्याने तुकडे केले होते.

तो कमोडवर चढला आणि फोन लावला.

"ट्रिश, मर्व्ह बोलतोय! साप! माझ्या संडासात!"

"जागा?"

त्याने सांगितली. बटणं वाजली आणि ट्रिश हसली. "मला तपासतोयस होय? इथले साप खोटे. तूच लिहिलंयस की."

"अगं बाई, हा खरा आहे! माझ्याकडे बघतोय!"

"रडून दाखव बघू."

"रडतोच आहे मी!"

"रडलं तरी पाठवायचं नाही," ट्रिश खुशीत म्हणाली. "पास झाले ना मी?" फोन बंद.

"नोरीन!" मर्व्हने भिंत बडवली. "साप!"

स्वयंपाकघराची खिडकी उघडली. "किती?"

"एक!"

"एकच?" नोरीन आत वळून शेजारणींना म्हणाली, "बघा बाई, एका सापासाठी ओरडतोय." मग बाहेर बघून, "हाकल आणि ये लवकर. चहा गार होतोय."

खिडकी मिटली. साप सावकाश सरकत आला, मर्व्ह आणि दार यांच्या बरोबर मधोमध थांबला, आणि वेटोळं घालून तिथेच बसला.