क्लाउसची चौकशी

सकाळी कुंपणापलीकडून बाकीचे शेजारी "हाय मेट" म्हणतात. आमचा क्लाउस विचारतो, "शेवटचं कधी खाल्लंस? आणि पाणी?" कॉफी घेतली म्हणावं तर, "दूध घालून की कोरी?" परदेशात, ग्लेन वेव्हर्ली या उपनगरात, नवीन होतो तेव्हा मला वाटायचं, हा गृहस्थ जेवायला बोलावणार. सहा वर्षं झाली, अजून चहासुद्धा नाही.

क्लाउस भूलतज्ज्ञ आहे. आधी जर्मनीत, मग इथे, आयुष्यभर लोकांना झोपवत आलाय. सर्जनबद्दल त्याचं मत थोडक्यात असं: "तो कापतो आणि गोल्फला जातो. माणूस परत मी आणतो." कोविड आला तशी कुंपणावरची चौकशी लांबत गेली, कारण घरात बोलायला कोणी नव्हतं. आई तिकडे जर्मनीत, वृद्धाश्रमात, ब्याण्णव वर्षांची. तेव्हा इथून देशाबाहेर जायलाही सरकारी परवानगी लागायची; त्याने दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा नकार आला. "नियम बरोबरच आहे," म्हणायचा, आणि गुलाब गरजेपेक्षा जास्त छाटायचा.

आम्हाला भेटायला आलेली माझी आईही त्याच लॉकडाऊनमध्ये इथे अडकली आणि तिला पित्ताशयाच्या खड्यांनी गाठलं. ऑपरेशन क्लाउसच्याच हॉस्पिटलमध्ये ठरलं. मी तिला बजावलं, उद्या काही खायचं नाही.

"उद्या एकादशीच आहे. माझा उपवास असतो," ती म्हणाली. मी निर्धास्त झालो.

सोबत कोणाला आत सोडत नव्हते. तिला दारात सोडून मी गाडीत बसलो, तर वीस मिनिटांत क्लाउसचा फोन.

"तुझी आई म्हणते, उपवास आहे. पण मागे तुम्ही मला उपवासाचे म्हणून तळलेले वडे दिले होते. तिला फोन देतो, नीट विचार."

"आई, काही खाल्लंस का?"

"छे रे. नुसती वाटीभर साबुदाण्याची खिचडी. आणि एक केळं. तू उठायच्या आधी."

क्लाउसने ऑपरेशन पुढे ढकललं, सर्जनची बोलणी खाल्ली आणि मग मला फैलावर घेतलं. भुलीत पोटातलं अन्न छातीत गेलं असतं तर?

द्वादशीला, खरोखरच उपाशी असलेल्या आईला त्याने झोपवलं आणि परत आणलं. संध्याकाळी तिचा फोन आला. "तुझा तो डॉक्टर ड्युटी संपली तरी इथेच बसलाय रे. हातमोजे घालून माझा हात धरलाय. त्याच्या भाषेत काहीबाही सांगतोय, मी आपली हो हो म्हणतेय."

नंतर मी त्याचे आभार मानायला लागलो, तर त्याने मधेच थांबवलं.

"तिच्यापाशी कोणीतरी हवं होतं. तिकडे माझ्या आईपाशीही कोणी बसत असेल, असं मी धरून चालतो."

"बसत असणारच," मी म्हणालो. मला त्यातलं काहीही ठाऊक नव्हतं.