मांजराचे दोन भाग

मांडीवरच्या मांजराने मागचा पाय खसाखसा झाडला आणि घड्याळजींच्या चिमट्यातला बारीक स्क्रू उडून गेला. एरवी त्यांनी त्या मांजराच्या सात पिढ्या काढल्या असत्या. पण त्याच क्षणी समोरच्या पांढऱ्या कागदावर काहीतरी काळं येऊन पडलं. ‘सापडला!’ म्हणून त्यांनी चिमटा पुढे केला, तर स्क्रूने टुणकन उडी मारली.

उभं आयुष्य घड्याळं उघडण्यात गेलं होतं, पण स्वतःहून उडी मारणारा स्क्रू त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी झटकन एक घड्याळाची काच त्यावर पालथी घातली, डोळ्याला भिंग लावलं आणि वाकून बघतच राहिले.

“अगं, लवकर ये! हिच्या मागच्या पायांत चक्क स्प्रिंग आहे!”

“कुणाच्या?” बायको स्वयंपाकघरातून ओरडली.

“पिसूच्या!”

हे मोठ्याने बोलायला नको होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, आणि मधल्या खोलीत खाटेवर ताई होत्या. ताई म्हणजे बायकोची मोठी बहीण. जिन्यावरून पडून पाय मोडल्यामुळे मांडीपर्यंत प्लॅस्टर घालून त्या इथे आराम करायला आल्या होत्या. आल्यापासून त्यांना खाज सुटत होती. त्याचा आळ त्यांनी आधी गादीवर घेतला, मग साबणावर, मग बहिणीच्या स्वयंपाकावर. आज खरा चोर सापडला.

“म्हणजे त्या मांजराची करणी होय!” आतून आवाज आला. “रविवारी दूधवाला आला की सांगते त्याला, गोठ्यावर घेऊन जा म्हणून. तिथे उंदीर आहेत भरपूर. त्याचंही बरं, आपलंही बरं.”

घड्याळजींनी बायकोकडे पाहिलं, बायकोने त्यांच्याकडे. दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं.

त्याचं कारण फक्त त्या दोघांनाच ठाऊक होतं. घड्याळजींचा उजवा हात अलीकडे थरथरायला लागला होता. चहाची कपबशी तोंडापर्यंत न्यायची तर बशीचं तळं व्हायचं. पण मांजर मांडीवर बसून घुरघुरायला लागलं की हात एकदम शांत व्हायचा, केसाएवढी स्प्रिंग बसवण्याइतका शांत. असं का होतं, याचा घड्याळजींनी पुष्कळ विचार केला होता. उत्तर सापडलं नव्हतं, पण काम चाललं होतं. मांजर गेलं की दुकानाला कुलूप लागणार. आणि हे ताईंना सांगायचं म्हणजे बाजारात दवंडी पिटायची.

“ताई, तोवर पिसवा गेल्या तर?” घड्याळजींनी दारातून विचारलं.

“गेल्या तर राहू दे मेलं. पण तो विषारी फवारा घरात मारायचा नाही हं, भाऊजी. मला दम लागतो.”

त्या दिवसापासून जे गिऱ्हाईक येईल त्याला घड्याळजी घड्याळाआधी पिसवांचं विचारू लागले. आणि गंमत अशी, की घड्याळ बंद का पडलं हे एकालाही सांगता येत नव्हतं, पण पिसवांवर औषध प्रत्येकाकडे होतं. पोस्टमन म्हणाला, व्हिनेगरमध्ये पाणी घालून पुसा. बेकरीवाला म्हणाला, कडू पाल्याचा काढा करा, पिसू वास घेऊनच पळते. शाळेच्या बाईंनी तर पर्समधून सुगंधी तेलाची बाटलीच काढली.

नेमक्या त्या वेळी जनावरांच्या डॉक्टरीणबाई आपलं भिंतीवरचं घड्याळ न्यायला आल्या होत्या. त्यांनी ती बाटली उचलून बाईंच्या पर्समध्ये परत टाकली.

“तेलाचं नाव काढू नका. मांजर दिवसभर अंग चाटतं, ते पोटात जाईल, जिवावर बेतेल. बारीक दातांची फणी घ्या, रोज विंचरा, फणी साबणाच्या पाण्यात बुडवा. आणि मुख्य म्हणजे अंथरुणं...”

अंथरुणांचं काय ते घड्याळजींच्या कानापर्यंत पोहोचलंच नाही. कारण त्यांच्या डोक्यात एक प्रश्न उभा राहिला होता, आणि प्रश्न उभा राहिला की त्यांचे कान बंद होत. व्हिनेगर आणि काढा, यांतलं खरं औषध कुठलं?

“दोन्ही लावून टाका की,” बायको म्हणाली.

“दोन्ही लावली तर कशाने गेल्या ते कळणार कसं?”

“कळायला कशाला हवं? गेल्याशी मतलब!”

पण घड्याळजींचा नियमच होता. घड्याळ दुरुस्त करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे दोष कुठे होता ते कळतं. मांजराला वेगळा न्याय लावायचं त्यांना काही कारण दिसेना. त्यांनी ताईंच्या विणकामाच्या टोपलीतून लाल लोकर आणली आणि मांजराच्या कमरेला बांधली. लोकरीच्या पुढचा मुलूख व्हिनेगरचा, मागचा मुलूख काढ्याचा. मांजराने एकदा पुढे वास घेतला, एकदा मागे वास घेतला, आणि आपण नेमके कुठले आहोत अशा नजरेने मालकाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी घड्याळजी भिंग लावून तपासणीला बसले. पुढे फणी फिरवली, पिसू नाही. मागे फिरवली, पिसू नाही.

“दोन्ही लागू पडली!” ते ओरडले. मग त्यांनी लोकर सोडली. लोकरीखाली, सरहद्दीवर, जत्रेत दाटी व्हावी तशा सगळ्या पिसवा दाटीवाटीने उभ्या होत्या.

“मेल्या नाहीत गं,” घड्याळजी हळूच म्हणाले. “सरकल्या फक्त. हुशार आहेत.”

“कौतुक पुरे! तिथेही पुसा.”

घड्याळजींनी तिथेही पुसलं. संध्याकाळपर्यंत मांजर नव्या घड्याळासारखं चकचकीत झालं. फणीला एक पिसू लागेना. अवघ्या पिसवांनी जागा सोडली होती. सोडली तर गेल्या कुठे? जगातले सगळे प्रश्न पडणाऱ्या घड्याळजींना नेमका हाच प्रश्न पडला नाही.

तो बायकोला पडला, कारण पहिली पिसू तिच्या घोट्याला चावली. मग घड्याळजींच्या पोटरीला. मग दुकानात पोस्टमन एका पायाने दुसरा पाय खाजवत उभा राहिला आणि पत्र न देताच निघून गेला.

“अहो, आता मांजर सोडून सगळे खाजवताहेत!”

“थांब, कुठल्या खोलीत जास्त आहेत ते बघू.” घड्याळजींनी गुडघ्यापर्यंतचे पांढरे मोजे चढवले आणि पाण्यातून चालावं तसे पाय ओढत घरभर फिरले. पांढऱ्यावर काळं पटकन दिसतं. दुकानातून आले तेव्हा मोज्यांवर एखाददुसरा ठिपका होता. ताईंच्या खाटेभोवती चक्कर मारली, तेव्हा मोज्यांवर तीळ पेरावेत तसं झालं.

बायकोने ते मोजे पाहिले, पायांत चपला सरकवल्या आणि डॉक्टरीणबाईंचं अर्धं राहिलेलं वाक्य ऐकायला ती स्वतः गेली. येताना चेहरा पडलेला होता. मांजराच्या अंगावर दिसतात त्या थोड्या. त्यांची अंडी, पिल्लं सगळी अंथरुणात आणि सतरंजीत असतात. सगळं कडकडीत पाण्यात धुवायचं, कोपरान् कोपरा झाडायचा, आणि मांजराला विंचरायचं सोडायचं नाही.

पण उशीर झाला होता. रविवार उजाडला. दूधवाला दारात झाकणाची टोपली घेऊन उभा राहिला. मांजराला टोपलीत कोंबताना त्याच्या हातावर लाल रेघा उमटल्या. घड्याळजी पाठ फिरवून भिंतीवरची घड्याळं उगाच पुसत होते. इतक्यात मधल्या खोलीतून किंकाळी आली.

“आत गेली! प्लॅस्टरच्या आत गेली गं!”

ताईंचा चेहरा लालबुंद झाला होता. पिसू मांडीकडच्या काठावरून आत शिरली होती आणि जिथे जगातलं कुठलंच बोट पोहोचत नाही तिथे चावत होती. ताईंनी हाताला आली ती विणायची आकडीची सुई आत घातली. खाज भागली. पण सुई बाहेर येईना. आतल्या कापसात आकडी अडकली होती आणि ओढली की टोचत होती.

“दवाखाना?” घड्याळजींनी विचारलं.

“रविवारी बंद असतो,” दूधवाला म्हणाला.

“अहो, तुमचा लांब चिमटा आणा,” बायको म्हणाली.

घड्याळजी चिमटा घेऊन खाटेशी बसले. हात प्लॅस्टरजवळ नेला मात्र, चिमट्याचं टोक त्यावर टकटक टकटक वाजायला लागलं.

“भाऊजी, हात आहे का सेकंदकाटा?” ताई ओरडल्या. “नीट धरा की!”

“त्यांना नाही धरता येत,” बायको म्हणाली. इतके दिवस पोटात ठेवलेलं तिने एका दमात सांगून टाकलं. थरथर, मांजर, घुरघुर, सगळं. घड्याळजींनी मान खाली घातली.

ताईंनी काही बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात आतून पिसू पुन्हा चावली.

“मग बघत काय बसलात सगळे? दूधवाल्या, आण ते मांजर इकडे!”

“आताच तर टोपलीत घातलंय बाई. रक्त काढलंय माझं!”

“आण म्हणते ना!”

टोपलीतून सुटलेलं मांजर दोन उड्यांत घड्याळजींच्या मांडीवर आलं, गोल फिरलं, बसलं आणि घुरघुरायला लागलं. खोलीत दुसरा आवाज नव्हता. हळूहळू चिमट्याची टकटक थांबली. घड्याळजींनी भिंग लावलं, चिमटा आत सरकवला, कापसाचा एकेक धागा आकडीवरून सोडवला आणि सुई बाहेर काढली. सुईमागोमाग पिसू बाहेर आली आणि पांढऱ्या प्लॅस्टरवर बसली. घड्याळजींनी खिशातली काच काढून तिच्यावर पालथी घातली.

“मारा तिला!” ताई म्हणाल्या.

“मारतो. जरा एक मिनिट.” घड्याळजी वाकले. “अगदी तीच स्प्रिंग. काय बेमालूम बसवलीय!”

ताई छताकडे बघत होत्या. मग खिडकीकडे. मग न राहवून म्हणाल्या, “कशी दिसते?”

घड्याळजींनी भिंग पुढे केलं. ताईंनी ते डोळ्याला लावलं, मांजराच्या पाठीवर हात टेकून तोल सावरला आणि काचेवर वाकल्या.

“अगं बाई,” शेवटी त्या पुटपुटल्या, “चपटी आहे मेली, म्हणून केसांतून सुळकन पळते. भाऊजी, पण हिला दोन काचांमध्ये ठेवली तर उडी मारील का हो?”

“तेच बघायचंय मला!” घड्याळजी म्हणाले. “दुसरी काच आणू?”

बायको उकळत्या पाण्याचं पातेलं शेगडीवर ठेवून चादरी गोळा करायला आली होती. ताई त्या चादरीवरून हलायला तयार नव्हत्या, घड्याळजी खाटेवरून डोकं काढायला तयार नव्हते, आणि मांजर मधोमध झोपलं होतं.

दारात दूधवाला रिकामी टोपली घेऊन ताटकळत होता. “वहिनी, मग मी नेऊ कुणाला?”

बायकोने खाटेकडे पाहिलं, मग टोपलीकडे पाहिलं.

“जरा मोठी टोपली आणा,” ती म्हणाली, “आणि या दोघांना घेऊन जा.”