अर्ध्या तासाची बदली

आमच्या शेजारचे नईमभाई बायकोशी भांडतात ते बराबर अर्धा तास. मंग भिंतीवरच्या घड्याळाकडं बघतात, तोंडातलं वाक्य अर्धंच टाकून बाहेर ओट्यावर येतात अन् गळ्यातल्या टॉवेलानं घाम पुसत बसतात. पण भांडण तसंच पडू देत न्हाईत. धाकट्या भावाला, सलीमला, आत पाठवतात. "जा, बदली घे." सलीम गरीब माणूस. वहिनीसमोर उभा राहून विचारतो, "भाभी, कुठपर्यंत आल्तं?" शकीलाभाभी हसू दाबून सांगते, "भाजीत मीठ जास्त झालं इथून सुरू झालं, आता मी तुमच्या अम्मीपर्यंत पोचले." मंग सलीम आईची बाजू घेऊन अर्धा तास खिंड लढवतो.

हे खूळ कुठून आलं ते सांगते. नईमभाईंची सगळी उमर लोखंडी सळयांच्या मिलमध्ये गेली. इथं जालन्यात, अन् मधली बरीच वर्षं तिकडं आफ्रिकेत, युगांडाला. भट्टीतून लालबुंद सळई येते, ती लांब दांड्याच्या चिमट्यानं धरायची अन् फिरत्या रोलमध्ये घालायची. त्या आगीसमोर अर्ध्या तासावर माणूस टिकत न्हाई. म्हणून जोडी असते. अर्धा तास एक उभा, दुसरा बसलेला. मंग बदली. चिमटा खाली ठेवायचा न्हाई, ह्याच्या हातातून त्याच्या हातात द्यायचा, कारण सळई काही कुणासाठी थांबत न्हाई. अन् बदली घेणाऱ्यानं आधीच्याचं काम पुढं न्यायचं, आपलं वेगळं चालवायचं न्हाई.

मिल सुटली, पण अर्धा तास काही सुटला न्हाई. भोकरदनला एका लग्नात नईमभाई जिलबी वाढत होते. पंगत ऐन रंगात, अन् ह्यांचा अर्धा तास भरला. समोर नवरदेवाचा मामा फेटा बांधून मिरवत चालला होता. ह्यांनी जिलबीचं ताट त्याच्या हातात दिलं. "बदली." अन् आपण मंडपाच्या कडेला जाऊन बसले. मामा आधी लालेलाल झाला, पण ताट खाली ठेवायची हिंमत झाली न्हाई. पूर्ण पंगत वाढली त्यानं.

माझी पिठाची गिरणी त्यांच्या घराला लागूनच हाय. दळणाचा डबा घेऊन आले की जागेवरून उठायचं नाव न्हाई. अन् बोलणं एकच, जालना अन् युगांडा.

"भाभी, तिकडं गमबूट मिळायचे. इकडं 'गमबूट येणार हाय' असं नुसतं उत्तर मिळायचं."

"मंग तिकडंच चांगलं की."

"बिलकुल न्हाई. तिकडचे गमबूट एकाच मापाचे. माझे पाय आत फिरायचे अन् ओकेलोचे आत जायचे न्हाई."

ओकेलो म्हणजे तिकडचा त्यांचा जोडीदार. ह्यांच्या प्रत्येक गोष्टीत तो हायच. सुट्टीत इकडं चहा, तिकडं उकडलेली हिरवी केळी, अन् ती ओकेलोच्या घरची. इकडं साहेबाची शिवी कळते, तिकडं कळायची न्हाई, अन् मंग ओकेलो तिचा अर्थ सांगायचा, म्हणजे एकच शिवी दोनदा खायची. मोबाइलमध्ये फोटो हाय. दोघं गळ्यात टॉवेल टाकून उभे, मधी चिमटा, अन् दोघांनी तो असा धरलाय की कोण कुणाला देऊन राह्यलाय तेच कळत न्हाई.

एकदा माझ्या गिरणीचीच चौकशी लावली. "कामगाराला पंखा हाय?"

"न्हाई."

"हफ्त्याची सुट्टी?"

"न्हाई."

"कामगार कुठंय?"

"मीच हाय."

"मंग भाभी, तुमचा मालक लई जुलमी हाय," असं म्हणून पीठ घेऊन चालते झाले. मला हसावं का डबा फेकून मारावा कळंना.

पण ह्या माणसाकडून निकाल काही मिळायचा न्हाई. तासभर तुलना ऐकायची अन् शेवटी विचारायचं, "अहो पण चांगलं कुठलं?" की ठरलेलं उत्तर, "भाभी, लोखंड दोन्हीकडं सारखंच गरम." आणखी एक खोड होती. गमबूट सांगतील, पाणी सांगतील, संडासाचा दरवाजा सुद्धा सांगतील. पण तिकडं पगार किती होता असं कुणी विचारलं, की लगेच घड्याळ बघायचे. "चला, आपली बदली झाली." अन् गायब. बायको म्हणायची, मलाही कधी नीट सांगितलं न्हाई. मला वाटायचं, फसवलं असंल बिचाऱ्याला, लाजत असतील.

तर ह्या नईमभाईंची मला एकदा खरी गरज पडली. माझा विशाल इथंच मिलमध्ये चिमट्यावर हाय. त्याला युगांडाहून बोलावणं आलं. कोणी एजंट आल्ता, दोन वर्षांचा करार घेऊन. त्याच्या वडिलांनी लगेच मान डोलावली. मी मात्र न्हाई म्हटलं. एकुलतं एक पोरगं, त्याला एवढ्या लांब धाडू? मी काही ऐकणार न्हवते. अन् विशाल माझं ऐकणार न्हवता. मंग मी नईमभाईंना गाठलं अन् स्पष्टच सांगितलं, "संध्याकाळी घरी या. पोराला घाबरवा. मलेरिया सांगा, साप सांगा, काहीही सांगा. पण आज तुलना नक्को, निकाल पाह्यजे."

"हौ भाभी," म्हणाले.

आले. चहा झाला. मी डोळ्यांनी खुणावलं, करा सुरू. त्यांनी तोंड उघडायच्या आत विशालनंच विचारलं, "चाचा, तुम्हाला तिकडं पगार किती होता?"

झालं, म्हटलं मी. आता घड्याळ बघणार अन् पळणार. त्यांनी घड्याळाकडं बघितलं सुद्धा. पण उठले न्हाईत. टॉवेलाचं टोक हातात धरून पिळत बसले.

"इथल्या चौपट," ते म्हणाले.

विशालचे डोळे चमकले. घ्या, ह्यांना घाबरवायला बोलावलं होतं!

"अन् तुमच्या त्या ओकेलोला?" मी आपलं काहीतरी मधी बोलायचं म्हणून बोलले.

"ओकेलोला मला इथं जालन्यात मिळायचा तेवढा." ते माझ्याकडं बघेनात. "भाभी, चिमटा एकच. सळई एकच. अर्धा तास मी, अर्धा तास तो. मी बाहेरून आलो म्हणून चौपट. तो तिथला म्हणून एक. त्याला माहीत न्हवतं. एकदा केळी खाता खाता बोलला, नईम, आपलं दोघांचं सारखंच ना? मी म्हटलं, हौ, सारखंच."

नईमभाईंनी टॉवेल आणखी पिळला.

"मंग एकदा मला ताप आल्ता. रजा घेतली तर दिवसाचा पगार कापायचे. मी भट्टीवर गेलो, पण उभं राहवेना. त्यानं मला खाली बसवलं अन् माझ्या बदलीला पण तोच उभा राह्यला. संपूर्ण दिवस. अर्धा तास सुद्धा बसला न्हाई. संध्याकाळी हाताला फोड आले होते, तरी हसून राह्यला होता. म्हणे, नईम, तुझा आजचा पगार वाचला." नईमभाईंनी टॉवेलानं तोंड पुसलं. "माझा एक दिवस वाचवला त्यानं. ते त्याचे चार दिवस होते."

माझ्या डोळ्यात पाणी आलं ते मी लपवलं न्हाई.

"बेटा, तू जा," ते विशालला म्हणाले. "हातात काम हाय तुझ्या, जा. पण पहिल्याच दिवशी जोडीदाराला तुझा पगार सांग. त्याला राग आला तर येऊ दे. मंग मोठ्या साहेबाकडं जायचं तर दोघं मिळून जा. अन् ओकेलो तिथं असंल तर त्याला सांग, की नईमनं..."

वाक्य अर्धंच टाकून त्यांनी घड्याळाकडं बघितलं. अर्धा तास झालाच न्हवता, त्याच्या अर्धा सुद्धा न्हाई. तरी उठले, अन् माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "भाभी, बदली." अन् बाहेर ओट्यावर जाऊन बसले, पाठ आमच्याकडं करून.

विशाल माझ्याकडं बघायला लागला. मी त्याला कशासाठी बसवलं होतं, अन् आता काय बोलायचं होतं! मला त्याला जाऊ द्यायचं न्हवतं. अजूनही न्हाई. पण बदली घेतली, की आधीच्याचं काम पुढं न्यावं लागतं.

"जा," मी म्हटलं. "बॅग मी भरते. अन् ओकेलोला शोध. सापडला, की फोन आधी मला करू नको. नईमभाईंना कर, अन् फोन त्याच्या हातात दे."